गुठळीचा अर्थ लावणारा वैद्य

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाचा एक पाय अचानक सुजतो. पोटरी दुखू लागते, कातडी ताणल्यासारखी दिसते. घरच्या मंडळींना वाटते, प्रवासाचा शीण असेल. नाशिकच्या कर्करोग रुग्णालयांत धुळे, नंदुरबार, जळगावपासून माणसे येतात. एसटीत तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्यावर सूज यायचीच, अशी समजूत करून घेतली जाते. एके काळी याच भागातील रुग्णांना सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून परळचे टाटा रुग्णालय गाठावे लागे. आता पुष्कळसे उपचार नाशिकमध्येच होतात. पण पायावरची सूज तीच आणि तिच्याविषयीचा गैरसमजही तोच. डॉक्टर पायाची डॉप्लर सोनोग्राफी करायला सांगतात आणि खोल शिरेत रक्ताची गुठळी असल्याचे निष्पन्न होते.

खरी कोंडी यानंतर सुरू होते. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर काही मिनिटांत प्राणावर बेतू शकते, म्हणून रक्त पातळ करणारे औषध द्यायला हवे. पण केमोथेरपीने प्लेटलेट उतरलेल्या असतात, एखाद्याच्या जठरातील गाठीतून आधीच रक्त झिरपत असते. औषध द्यावे तर रक्तस्रावाचे भय, न द्यावे तर गुठळीचे. एकाच शरीरात रक्त एके ठिकाणी गोठते आहे आणि दुसऱ्या ठिकाणी वाहून जाऊ पाहते आहे, हे नातेवाइकांना पटवून देणे डॉक्टरांनाही जड जाते.

कर्करोग आणि गुठळी यांचे हे नाते वैद्यकाच्या चर्चेत ठामपणे आणण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच वैद्याकडे जाते. त्यांचे नाव आर्माँ त्रूसो. पॅरिसच्या रुग्णशय्येपाशी त्यांनी हे नाते ओळखले, विद्यार्थ्यांना शिकवले, ग्रंथात छापले. आणि अखेरीस तेच लक्षण स्वतःच्या देहावर उमटलेले पाहून आपले आयुष्य संपत आल्याचे त्यांनी निःशंकपणे मान्य केले.

त्रूसो यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८०१ रोजी फ्रान्समधील तूर या गावी झाला. लुआर नदीच्या काठी वसलेले हे जुने शहर पॅरिसच्या नैऋत्येला आहे. आरंभी त्यांचा ओढा वैद्यकाकडे नव्हता. तरुणपणी ते शाळेत वक्तृत्वशास्त्र शिकवत असत. भाषेवरची त्यांची पकड, मुद्दा पायरीपायरीने मांडण्याची हातोटी आणि ऐकणाऱ्याला धरून ठेवण्याची शक्ती या गोष्टी याच काळात घडल्या असाव्यात. पुढे ते वैद्यकाकडे वळले तेव्हा हे सारे भांडवल त्यांच्या कामी आले.

त्यांना वैद्यकाची दीक्षा मिळाली ती तूरच्याच रुग्णालयात, पियेर ब्रतोनो यांच्या हाताखाली. ब्रतोनो हे राजधानीपासून दूर राहून काम करणारे, पण फार मोठ्या दृष्टीचे वैद्य होते. घटसर्पाला आज जगभर रूढ असलेले डिप्थेरिया हे नाव त्यांनीच दिलेल्या शब्दावरून आले. त्यांच्या शिष्यांत त्रूसो यांच्याबरोबर आल्फ्रेड वेल्पो हेही होते. घोड्यांना नाल ठोकणाऱ्या कारागिराचा हा मुलगा पुढे पॅरिसचा नामवंत शल्यवैद्य झाला. एका प्रांतीय रुग्णालयातून असे दोन शिष्य निघावेत, यातच त्या गुरूची थोरवी दिसते.

तो काळ वैद्यकात रक्त काढण्याचा होता. पॅरिसमध्ये ब्रूसे या वैद्याचा मोठा दबदबा होता. जवळजवळ प्रत्येक आजाराचे मूळ पोटातील दाहात आहे आणि दाह उतरवायचा तर रक्त काढले पाहिजे, असे ते शिकवीत. जळवा लावणे हा रुग्णालयांतील नित्याचा उपचार होऊन बसला. जळवांचे आणि रक्तमोक्षणाचे उपचार आपल्याकडील वैद्यपरंपरेलाही परिचित आहेत. परंतु फ्रान्समध्ये त्या काळी त्यांचा अतिरेक झाला. वर्षाला कोट्यवधी जळवा परदेशातून आणवल्या जात. आधीच अशक्त झालेल्या रुग्णाचे रक्त काढून त्याला अधिक अशक्त केले जाई, आणि तो दगावला तर रक्त पुरेसे काढले गेले नाही असा अर्थ लावला जाई.

ब्रतोनो यांनी याविरुद्ध भूमिका घेतली. प्रत्येक रोगाचे स्वतःचे कारण असते, स्वतःची वाटचाल असते. घटसर्प हा घटसर्प आहे आणि आंतड्याचा ताप हा आंतड्याचा ताप आहे, दोघांना एकाच दाहाच्या नावाखाली कोंबता येणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. रोगजंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्रूसो यांनी गुरूकडून घेतलेला सर्वांत मोलाचा वारसा हाच. एखादे लक्षण दिसले की ते कोणत्या रोगाचे बोट धरून आले आहे, हे शोधायचे. पुढे शिरेतील गुठळीकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले.

१८२५ मध्ये त्रूसो यांनी पॅरिसमध्ये वैद्यकाची डॉक्टरेट मिळवली. १८२८ मध्ये जिब्राल्टरमध्ये पीतज्वराची साथ पसरली, तेव्हा फ्रेंच सरकारने तपासासाठी पाठवलेल्या वैद्यांत या सत्तावीस वर्षांच्या तरुणाचा समावेश होता. पियेर लुई हे ज्येष्ठ वैद्य त्यांच्या सोबत होते. उपचाराचा गुण मोजून पाहिला पाहिजे, किती रुग्णांना दिला आणि किती बरे झाले याचा हिशेब ठेवला पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्यांत लुई यांचे नाव अग्रभागी आहे. रक्तमोक्षणाचा गुण समजला जात होता त्याहून फारच थोडा आहे, हे याच लुई यांनी आकडेवारीने दाखवून दिले.

त्रूसो यांना प्रथम ख्याती मिळाली ती घटसर्पाच्या उपचारामुळे. या रोगात घशात जाड पडदा धरतो, श्वासमार्ग बंद होतो आणि लहान मूल डोळ्यांदेखत गुदमरते. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्याची शस्त्रक्रिया ब्रतोनो यांनी १८२५ मध्ये एका लहान मुलीवर यशस्वी करून दाखवली होती. त्रूसो यांनी ती पॅरिसमध्ये रुजवली. भूल देण्याची सोय नाही, जंतुनाशक ठाऊक नाही, मूल काळेनिळे पडलेले. अशा अवस्थेत त्यांनी ही शस्त्रक्रिया दोनशेहून अधिक वेळा केली. त्यांतील सुमारे चौथा हिस्सा मुले वाचली. आजच्या कसोटीवर हे प्रमाण कमी वाटेल. पण ही मुले एरवी मरणारच होती. आपले यश आणि अपयश दोन्ही त्यांनी झाकून न ठेवता प्रसिद्ध केले. पॅरिसमधील मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयाला आज त्यांचे नाव आहे, ते अगदी योग्यच म्हणावे लागेल.

१८३७ मध्ये स्वरयंत्राच्या क्षयावरील ग्रंथासाठी फ्रेंच वैद्यक अकादमीने त्यांना पुरस्कार दिला. हेर्मान पिदू यांच्यासमवेत लिहिलेला औषधोपचारावरील ग्रंथ १८३६ ते १८३९ या काळात प्रकाशित झाला आणि दीर्घकाळ वापरात राहिला. १८३९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेत औषधोपचाराचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८४८ च्या राज्यक्रांतीनंतर ते संविधानसभेचे सदस्यही झाले. परंतु राजकारणात त्यांचा जीव रमला नाही. त्यांचे खरे क्षेत्र होते ओतेल-द्यू हे पॅरिसचे सर्वांत जुने रुग्णालय. सेन नदीच्या बेटावर, नोत्र-दाम चर्चच्या शेजारी उभ्या असलेल्या या रुग्णालयात १८५० च्या दशकात त्यांनी दिलेली व्याख्याने युरोपभर गाजली.

त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. आधी रुग्णाच्या खाटेपाशी जायचे, त्याला तपासायचे, त्याची हकिकत ऐकायची. नंतर व्याख्यानगृहात त्या एका रुग्णापासून आरंभ करून संपूर्ण रोगाची चर्चा करायची. तत्त्व आधी आणि रुग्ण नंतर, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. देशोदेशीचे तरुण वैद्य त्यांना ऐकायला येत. पोतें, लासेग, द्यलाफ्वा असे पुढे नावारूपाला आलेले अनेक वैद्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. या व्याख्यानांचा संग्रह १८६१ पासून छापला जाऊ लागला. लवकरच त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि तो इंग्रजी वाचणाऱ्या वैद्यांपर्यंतही पोहोचला.

दुसऱ्याचे श्रेय मोकळेपणाने देण्याचा त्यांचा गुण इथे नोंदवायला हवा. आयर्लंडमधील रॉबर्ट ग्रेव्हज आणि इंग्लंडमधील टॉमस ॲडिसन यांनी वर्णन केलेल्या रोगांना त्या त्या वैद्यांची नावे जोडून त्रूसो व्याख्यानांतून शिकवीत. ही नावे वैद्यकात कायम झाली, यात त्यांचा मोठा वाटा आहे. मेंदूच्या आजारात वाचा जाते त्या अवस्थेसाठी १८६४ मध्ये त्यांनी सुचवलेला अफेजिया हा शब्द आजही चालतो. दंडावर दाब देऊन हाताची बोटे आखडतात की नाही हे पाहण्याची, कॅल्शियमच्या कमतरतेत उपयोगी पडणारी तपासणीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

स्वतःच्या शरीराकडे परक्या रुग्णासारखे पाहण्याची सवय त्यांना पूर्वीपासून होती. त्यांना दम्याचा विकार होता. आपला गाडीवान घोड्यांच्या ओटमध्ये चोरी करतो असा त्यांना एकदा संशय आला. धान्य समोर मोजून घेण्यासाठी ते स्वतः माळ्यावर गेले आणि तिथेच त्यांना दम्याचा भयंकर झटका आला. याहून कितीतरी अधिक धुळीत ते पूर्वी वावरले होते. तेव्हा काही झाले नव्हते. धुळीला मनाच्या क्षोभाची जोड मिळाली म्हणून झटका इतका तीव्र आला, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि व्याख्यानात विद्यार्थ्यांपुढे ही सारी हकिकत मांडली. आपल्या नोकरावर संशय घेतल्याची कबुली त्यात ओघानेच आली. ती गाळावी असे त्यांना वाटले नाही.

ओतेल-द्यूमधील व्याख्यानांपैकी एक पायावरील वेदनादायी पांढऱ्या सुजेवर होते. ही सूज वैद्यांना जुन्या काळापासून ठाऊक होती. बाळंतिणीचा एक पाय सुजून ताठ होतो, कातडी पांढरीफटक पडते, म्हणून तिचा संबंध अंगावरच्या दुधाशी जोडला जाई. दूध पायात उतरले असा समज युरोपात दीर्घकाळ होता. मृत्यूनंतरच्या तपासणीत अशा पायांतील शिरा गोठलेल्या रक्ताने बुजलेल्या आढळू लागल्या, तेव्हा दुधाची कल्पना मागे पडली. त्यानंतर बहुतेकांनी शिरेचा दाह हे कारण धरले.

त्रूसो यांना मात्र वेगळेच काही दिसले. बाळंतपणाशी संबंध नसलेल्या, खंगत चाललेल्या रुग्णांतही ही सूज येते. क्षयाच्या रुग्णांत येते आणि पोटातील कर्करोगाच्या रुग्णांत तर वारंवार येते. त्यांच्याआधी, १८२३ मध्ये, त्यांचेच देशबांधव बुयो यांनी कर्करोगाच्या काही रुग्णांत शिरा बुजल्याचे नोंदवले होते. पण गाठीचा दाब पडून हे होत असावे, असे समजायला तेव्हा जागा होती. त्रूसो यांनी पाहिलेल्या रुग्णांत गाठ पोटात होती आणि गुठळी पायात किंवा हातात. तिथे दाबाचा प्रश्नच नव्हता. शिरेच्या भिंतीत दाह असल्याचेही दर वेळी दिसत नव्हते. यावरून त्यांनी असा तर्क केला की बिघाड मुळात रक्तातच आहे. कर्करोगाने रक्ताची घडण अशी बदलते की ते आपणहून गोठू लागते.

रसायनशास्त्राची फारशी मदत नसताना केलेला हा तर्क आश्चर्य वाटावे इतका अचूक होता. कर्करोगाच्या पेशी रक्त गोठवण्याची साखळी सुरू करणारी द्रव्ये तयार करतात, हे आज सिद्ध झाले आहे. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, शिरेत दीर्घकाळ ठेवलेली नळी आणि अंथरुणाला खिळणे या गोष्टी त्यात भर घालतात. स्वादुपिंड, जठर, मेंदू, फुप्फुस आणि अंडाशय यांच्या कर्करोगांत गुठळीचा धोका विशेष असतो.

याहूनही महत्त्वाची होती ती त्यांनी या लक्षणाला दिलेली साक्षीदाराची जागा. पोटदुखी, अन्नावर वासना नसणे, खंगत जाणे अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला जठराची जुनी सूज आहे, व्रण आहे की कर्करोग, हे ठरवण्याचे साधन त्या काळी नव्हते. क्ष-किरण नव्हते, दुर्बीण नव्हती. अशा वेळी रुग्णाच्या पायात वा हातात गुठळी धरली तर कर्करोगाच्या बाजूने निर्णय द्यावा, असे त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवले. १८६५ मध्ये निघालेल्या व्याख्यानसंग्रहाच्या आवृत्तीत हे सारे छापले गेले.

मात्र ओळख पटली तरी उपाय हाती नव्हता. गुठळी कशी सुटते आणि रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुसात जाऊन कशी अडकते, हे जर्मनीत रुडॉल्फ विर्शो यांनी त्याच काळात दाखवून दिले होते. परंतु रक्त गोठणे थांबवणारे एकही भरवशाचे औषध जगात कुठे उपलब्ध नव्हते. रुग्णाला हालचाल करू न देणे, पाय उंच ठेवणे, शेक-लेप करणे, एवढ्यावरच भागवावे लागे. त्रूसो यांचे निदान हे म्हणूनच उपचाराची वाट उघडणारे नव्हते. ते फक्त सत्य सांगत होते.

आणि मग हे सत्य त्यांच्याच दारी आले. १८६६ पासून त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. पोटाच्या तक्रारी होत्या, वजन उतरत होते. त्यांचे मित्र आणि शिष्य निरनिराळे अंदाज बांधत होते. कदाचित सौम्य आजार असेल, अशी आशा घरात होती. १ जानेवारी १८६७ रोजी, नववर्षाच्या दिवशी, त्यांचे शिष्य मिशेल पेतेर भेटायला आले. आदल्या रात्री त्रूसो यांच्या एका शिरेवर दुखरी सूज दिसू लागली होती. आता आपण वाचत नाही आणि आपल्या आजाराच्या स्वरूपाविषयी कसलीही शंका उरलेली नाही, असे त्यांनी पेतेर यांना शांतपणे सांगितले. शेकडो विद्यार्थ्यांना शिकवलेला नियम त्यांनी स्वतःला लावला आणि त्यातून सुटायची पळवाट शोधली नाही.

पुढच्या सहा महिन्यांत रोगाने आपला क्रम पुरा केला. जून १८६७ मध्ये पॅरिस येथे वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा कर्करोग बहुधा जठराचा असल्याचे नोंदले जाते. काही ठिकाणी स्वादुपिंडाचाही उल्लेख आढळतो. त्यांच्या व्याख्यानसंग्रहाची पुढील आवृत्ती पेतेर यांनी सिद्ध केली. कर्करोगासोबत येणाऱ्या गुठळ्यांच्या विकाराला वैद्यकाने पुढे त्रूसो यांचेच नाव दिले.

त्यांना न मिळालेला उपाय हाती यायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. १९१६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला प्राण्याच्या यकृतात रक्त गोठू न देणारे द्रव्य सापडले. त्यातून हेपॅरिन आले. सडलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरतात, याचा माग काढताना विस्कॉन्सिन येथील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत दुसरे द्रव्य मिळाले. त्याच कुळातील वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५० च्या दशकात माणसांचे औषध झाले. फुप्फुसात गुठळी गेलेल्या रुग्णांचे प्राण या औषधांनी वाचतात, हे १९६० मधील एका ब्रिटिश चाचणीत स्पष्ट झाले.

परंतु कर्करोगाचे रुग्ण इतरांसारखे नाहीत, हे त्रूसो यांचे सूत्र उपचारातही खरे ठरले. इटलीतील पादुआ येथे गुठळीवर उपचार घेणाऱ्या ८४२ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध चालू असूनही एका वर्षात कर्करोगाच्या रुग्णांपैकी २०.७ टक्क्यांना पुन्हा गुठळी झाली. कर्करोग नसलेल्यांत हे प्रमाण ६.८ टक्के होते. मोठा रक्तस्राव कर्करोगाच्या १२.४ टक्के रुग्णांना झाला, इतरांत ४.९ टक्क्यांना. म्हणजे ज्यांना औषधाची गरज अधिक, त्यांनाच त्याचा धोकाही अधिक. नाशिकच्या त्या कुटुंबापुढची कोंडी या चार आकड्यांत सामावलेली आहे.

त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत मार्ग थोडा रुंद झाला. पोटाच्या कातडीखाली रोज घ्यायचे हलके हेपॅरिन वॉरफॅरिनच्या जातीच्या गोळ्यांपेक्षा सरस आहे, हे २००३ मधील चाचणीत दिसले. सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचे प्रमाण १७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले आणि मोठा रक्तस्राव लक्षणीयरीत्या वाढला नाही. पुढे नव्या गोळ्या आल्या. त्यांपैकी एडॉक्साबॅनने २०१८ च्या चाचणीत गुठळ्या कमी केल्या, पण मोठा रक्तस्राव ६.९ टक्के रुग्णांना झाला; हेपॅरिनच्या इंजेक्शनवर असलेल्यांत तो ४ टक्के होता. हा जादा रक्तस्राव मुख्यतः जठर-आंतड्याचा कर्करोग असलेल्यांत आढळला. २०२० मधील चाचणीत अपिक्साबॅन या गोळीने मोठा रक्तस्राव वाढवला नाही; मात्र मेंदूतील गाठी असलेल्या रुग्णांचा तिच्यात समावेश नव्हता. किमान सहा महिने उपचार पूर्ण झालेल्या, कर्करोग अजून सक्रिय असलेल्या रुग्णांत याच गोळीची निम्मी मात्रा पुरेशी ठरते आणि रक्तस्रावही कमी होतो, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले.

तरीही सर्वांना लागू पडेल असा एकच नियम नाही. प्लेटलेट ५० हजारांच्या वर असतील तर सामान्यतः पूर्ण मात्रा दिली जाते. २५ ते ५० हजारांच्या दरम्यान मात्रा घटवली जाते किंवा प्लेटलेट चढवून औषध चालू ठेवले जाते. २५ हजारांच्या खाली बहुधा ते थांबवावे लागते. गाठ कोठे आहे, तिच्यातून रक्त येते का, मूत्रपिंड कसे काम करते, गुठळी ताजी आहे की जुनी, हे सारे पाहिले जाते. गुठळी ताजी असेल तर पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. रक्त वाहत असल्यामुळे औषध देणे अशक्यच असेल तर पोटातील मोठ्या शिरेत जाळी बसवून गुठळीची फुप्फुसाकडे जाणारी वाट अडवता येते. पण ही जाळी गुठळी विरघळवत नाही. ती दीर्घकाळ राहिली तर पायात नव्या गुठळ्यांचा संभव वाढतो. म्हणून औषध सुरू करता येताच ती काढण्याचा विचार करावा लागतो.

हा निर्णय एकदा घेऊन संपत नाही. केमोथेरपीच्या प्रत्येक फेरीबरोबर रक्ताचे आकडे बदलतात आणि औषधाचा तोलही बदलावा लागतो. या कामात रुग्णाची आणि घरच्यांची साथ लागते. एका पायाची नवी सूज, अचानक लागलेली धाप, छातीत कळ, काळी शौचाला, लघवीतून रक्त, न थांबणारे नाकातील रक्त या गोष्टी पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत मागे ठेवायच्या नसतात. घाबरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करणे जितके धोक्याचे, तितकेच सांधेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक आणून तिच्या जोडीला घेणे धोक्याचे. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की शिरेत गुठळी झालेल्या बहुतेक माणसांना कर्करोग नसतो. प्रवास, शस्त्रक्रिया, बाळंतपण, आनुवंशिक कल अशी तिची कारणे अनेक आहेत. त्रूसो यांनीही हे लक्षण स्वतंत्र पुरावा म्हणून वापरले नाही. संशय आधीपासून असलेल्या रुग्णातच त्याला निर्णायक मानले.

राज्यभरातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्ये आहे. तिथल्या अभ्यासक्रमातून जाणारे विद्यार्थी त्रूसो हे नाव पाठ्यपुस्तकांत दोनदा वाचतात. एकदा आखडणाऱ्या बोटांच्या तपासणीत आणि एकदा कर्करोगातील गुठळ्यांच्या प्रकरणात. परीक्षेपुरते ते पाठ होते. पुढे एखाद्या वॉर्डात, सुजलेल्या पायावर हात ठेवून, एका हातात प्लेटलेटचा रिपोर्ट धरून औषधाची मात्रा ठरवायची वेळ येते, तेव्हा त्या नावामागचा माणूस समजू लागतो. त्याच्याजवळ सोनोग्राफी नव्हती, हेपॅरिन नव्हते, चाचण्यांचे आकडे नव्हते. पण रुग्णाकडे नीट पाहणे आणि जे दिसले ते स्वतःपासूनही न लपवणे, हे त्याने सोडले नाही. १८६७ च्या त्या पहिल्या दिवशीही नाही.